पान उलटलं का?

मी मुळात संशयी. दुकानदारानं न मागता सूट दिली तर घरी येऊन वस्तू पुन्हा तपासते. त्यामुळे शेजारच्या काकांचं पुस्तक न्यायला युरोपातून एक बाई येणार असं कळलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

काका म्हणजे इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे ज्यू गृहस्थ. वय ऐंशीच्या पुढे, बायको गेलेली, मुलगा दूर बेलव्ह्यूला. मी घरून काम करते, म्हणून सकाळी चहाला त्यांच्याकडे डोकावते. त्या वेळी ते हमखास त्या पुस्तकावर वाकलेले असत. मधे धर्मग्रंथाचा मजकूर, भोवती बारीक अक्षरात टीका. ही टीका लिहिणारा पंडित अकराव्या शतकात फ्रान्समधल्या एका द्राक्षमळ्यांच्या गावात राहायचा. एखादा हिब्रू शब्द अडला की तो त्याच्या गल्लीतला फ्रेंच शब्द हिब्रू अक्षरांत लिहून मोकळा व्हायचा. आपण व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, तसंच. काकांच्या वडिलांनी ही प्रत युरोपातून जीव घेऊन पळताना कोटाच्या आत बांधून आणली होती.

प्रत्येक आठवड्याचा पाठ ठरलेला. वर्षभरात पुस्तक संपतं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक नियम काका कधी मोडायचे नाहीत. उघडं पुस्तक टाकून उठायचं नाही. किटली शिट्टी मारत असली तरी आधी पुस्तक मिटणार, मगच गॅसकडे जाणार. "उघडं सोडलं तर वाचलेलं विसरतो माणूस," असं म्हणायचे. चहा उकळून वर येत असताना मला तो नियम फार जाचायचा.

बाई आली ती गोड बोलतच. त्या गावात पंडिताच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं होतं, जुन्या फ्रेंच भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच्या टीकेचं फार मोल होतं, आणि घरोघर वाचल्या गेलेल्या प्रती त्यांना हव्या होत्या. "हा तुमच्या एकट्याचा नाही, साऱ्या युरोपचा वारसा आहे," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "यांच्या वडिलांना पळावं लागलं, तेव्हा कुठे होता हा वारसा?"

"म्हणूनच तर आता जपायचाय," ती शांतपणे म्हणाली. उत्तर चांगलं होतं. तेच मला खटकलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगा म्हणतो, स्कॅन करून ठेवा. माझ्यामागे इथे हे कोण उघडणार?" मग त्यांनी बाईला नियम समजावला. संग्रहालयात काचेच्या पेटीत पुस्तक सतत उघडंच राहणार, असं ती म्हणाल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी एकच अट घातली. दर आठवड्याला त्या आठवड्याचं पान उघडायचं. म्हणजे कोणीतरी वाचतंय असं तरी होईल.

"ऑफ कोर्स," बाई म्हणाली. ऑफिसात मी रोज ऑफ कोर्सवाल्यांबरोबर मीटिंग करते. कामं होतात ती "बघते" म्हणणाऱ्यांकडून. बाईनं त्या आठवड्याचं पान उघडून फोटो काढले. डाव्या कोपऱ्यात बोराएवढा वाइनचा डाग होता, काकांच्या वडिलांच्या हातून सांडलेला. मी तो नीट बघून ठेवला.

नवरा नागपूरचा, मोकळा माणूस. "तुला ना यार, देवावरपण डाउट येतो," म्हणाला. पुस्तक गेलं. काका बाजारातून आणलेल्या नव्या प्रतीवर वाचायला लागले, पण हात सारखे समासात काहीतरी शोधत राहायचे. मला ते बघवत नसे.

पुढच्या वर्षी माझी मुलगी कामासाठी पॅरिसला गेली. मी तिला कामाला लावलं. "एक दिवस ट्रेननं त्या गावी जा आणि पान बघून ये."

"आई, यू आर सो सस्पिशस," ती म्हणाली, पण गेली. फोटो आला. मला हिब्रूचं एक अक्षर येत नाही. कोपऱ्यातला डाग तेवढा ओळखता आला. पान उलटलंच नव्हतं.

माझा संशय खरा ठरला होता आणि मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. काकांना दाखवावं की नाही, या विचारात मी स्वयंपाकघरात घुटमळले. पण ते मुलीकडून येणाऱ्या फोटोची वाट बघत बसले होते. शेवटी मी गेलेच.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "हे ती बाई आली त्या आठवड्याचं," एवढंच म्हणाले. मग, "मुलगी अजून आहे तिथे?"

मी व्हिडिओ कॉल लावला. मुलीनं फोन काचेसमोर धरला आणि काका वाचायला लागले. आधी मूळ मजकूर, मग टीका, मग तो गल्लीतला फ्रेंच शब्द. मागून पहारेकऱ्याचा आवाज आला, हळू बोला म्हणून. मुलगी त्याला म्हणाली, "ही इज रीडिंग हिज बुक." पहारेकरी दोन पावलं मागे सरला. मी ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं.

पान संपलं. काका म्हणाले, "तिला म्हणावं, तिथल्या लोकांना आता पुस्तक मिटायला सांग."

मुलगी विचारून आली. "काचेची किल्ली त्या मॅडमकडे असते, आई. शी इज ऑन व्हेकेशन."

म्हणजे पुस्तक उघडंच राहणार, हे मी काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. फोन बंद झाला, किटली केव्हाची ओरडत होती. मीच उठून गॅस बंद केला, चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि घरी यायला निघाले. रोज ते मला दारापर्यंत सोडायला येतात.

त्या दिवशी काका खुर्चीवरून उठले नाहीत.