प्रार्थनेत घेतलेली दोन नावं

त्या रविवारी मी केलं ते बरोबर होतं का, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रभूपुढे डोळे मिटले की वाटतं, दुसरं काय करणार होते मी? आणि स्वयंपाकघरात एकटी उभी असले की वाटतं, बाई गं, सख्ख्या भावाला दुखवून तू मिळवलंस काय?

आम्ही बडोद्यात वासण्याला राहतो. आमची मराठी मंडळी लहानशी, सगळी एकमेकांच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला जेवलेली माणसं. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना बरीच वर्षं मीच करते. आजारी, अडचणीत असलेल्या माणसाचं मी नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "प्रभू, ऐक." ज्याचं नाव तिथं घेतलं तो मंडळीचा माणूस, असं आमच्यात न सांगता ठरलेलं आहे.

यंदा महापालिकेच्या निवडणुकीला माझा थोरला भाऊ, शमुवेलदादा, उभा राहिला. समोर रेखाबेन होत्या. आमच्या लोकांना केवढा हुरूप आला! पावसाळ्यात दफनभूमीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, शवपेटी खांद्यावर घेऊन त्यातून चालावं लागतं, आणि तक्रार कोणी मनावर घेत नाही. आपला माणूस पालिकेत गेला तर काही होईल, ही आशा खोटी नव्हती. शिवाय नाताळात रेखाबेनच्या माणसांनी आमच्या कॅरोलच्या फेरीला अडवून गाणी बंद पाडली होती. तो अपमान सगळ्यांना सलत होता, मलाही.

शनिवारी दादा घरी आला. माझ्या यजमानांच्या किडन्या निकामी झालेल्या, त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे, आणि ते काम दादाच करी. त्यांना उचलून गाडीत बसवणं, परत आणणं, सगळं. त्यांना नीट टेकवून तो मला म्हणाला, "उद्या प्रार्थनेत माझं नाव घे. बीजुं कंई, दुसरं काही नको."

"तुझं घेतलं तर रेखाबेनचंही घ्यावं लागेल, दादा."

"गांडी थई गई छे के शुं? वेड लागलंय का तुला? त्यांनी आपली गाणी बंद केली!"

"म्हणून तर."

तो हसला. त्याला वाटलं, मी नेहमीसारखी फिरकी घेतेय.  दादासाठी मी घरी गुडघे टेकून रोज प्रार्थना करत होते. पण वेदीसमोर फक्त त्याचं नाव घेणं म्हणजे देवाच्या तोंडून मत मागणं, असं मला वाटत होतं.

रविवारी मी दादाचं नाव घेतलं. "प्रभू, ऐक," असं मंडळी इतकी जोरात म्हणाली की बाकं हलली असतील. मग मी रेखाबेनचं नाव घेतलं, त्यांना न्यायबुद्धी दे म्हणाले, आणि थांबले. कोणी बोललं नाही. पंखे तेवढे फिरत होते.  इतक्यात व्हीलचेअरवरून ह्यांचा थकलेला आवाज आला, "प्रभू, ऐक." त्या एका आवाजावर मी पुढची प्रार्थना कशीबशी पुरी केली.

बाहेर कोणी माझ्याशी हात मिळवला नाही. "आपलेच दात नि आपलेच ओठ," एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. दादा सरळ गाडीत बसून निघून गेला. डायलिसिसच्या दिवशी तो आला नाही, फोनही उचलला नाही.

तो प्रचाराचा शेवटचा दिवस. एकूण एक रिक्षा मिरवणुकीत गेलेली. ह्यांचे पाय सुजले होते, श्वास लागत होता. मी रस्त्यावर उभी राहून नुसतं "देवा, देवा" म्हणत होते, पुढचे शब्द सुचत नव्हते. मिरवणुकीतून एक रिक्षा बाहेर वळली आणि माझ्यासमोर थांबली. तिच्यावर रेखाबेनचा झेंडा. मी एक पाऊल मागे सरले.

"क्यां जवुं छे, बेन?"

कुठं जायचं ते मी सांगितलं, आणि वर उगाचच म्हणाले, "आम्ही त्यांना मत देऊच असं नाही हं."

"वोटनी वात ज नथी," मताचा इथे प्रश्नच नाही, असं तो म्हणाला. त्याने झेंडा काढला, घडी करून सीटखाली ठेवला, आणि घरात येऊन ह्यांना दादासारखंच दोन्ही हातांनी उचललं. आमच्या प्रार्थनेची त्याला काहीच कल्पना नव्हती. मला वाटेत रडू आवरेना. पुढेही तोच आम्हाला नेत राहिला.

मत मी कोणाला दिलं, ते इथे सांगत नाही. दादा थोड्या मतांनी पडला. खापर माझ्यावर फुटलं, आणि त्याने उपासनेला येणंच सोडलं. इकडे हे खचत गेले. एके दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा धरू नका.

त्याच रविवारी मी प्रार्थनेला उभी राहिले. दुसऱ्यांची नावं घेताना कधी अडखळले नव्हते, पण ह्यांचं नाव, "बेंजामिन", म्हणताना ते अर्धंच निघालं. कोणाला कळलंच नाही की नाव घेऊन झालं.  आणि दाराजवळून, शेवटच्या बाकावरून, एकटा दादाचा आवाज आला, "प्रभू, ऐक."

उपासना संपली तेव्हा तो निघून गेला होता. आम्ही अजून बोललेलो नाही. हे गेले, तेव्हा त्याने शवपेटीला खांदा दिला, त्याच पाण्यातून, आणि तसाच घरी गेला. मी देवाला आता अमकं कर, तमकं कर असं सांगत नाही. दर रविवारी दादाचं नाव घेते, रेखाबेनचंही घेते, आणि थांबते. उत्तर द्यायला आता हे नाहीत. पण परवा रेखाबेनच्या नावानंतर, "आपलेच दात" म्हणालेली ती बाई अगदी हळू काहीतरी पुटपुटली. प्रभूने ऐकलं असेल.