निळा कागद, गुलाबी कागद

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. हे सांगताना मी मध्येच गप्प होतो, आणि मग चहाही गार होतो आणि ऐकणाराही. माझ्या हातून एक गाढवपणा झाला. साधासुधा नाही हो! संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकेल असा.

मुंबईच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट घोकून घेतली: मोजायला बसण्याआधी विचारा, आपण नक्की काय मोजतो आहोत? आणि कोणाचं? फळ्यावर लिहायचो, खाली दोन रेघा मारायचो. दोन!

असो.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या बायकोला, नलूला, न्यूमोनिया झाला. एकतीस दिवस ती आयसीयूत होती, त्यातले एकोणीस व्हेंटिलेटरवर. त्या दिवसांबद्दल मी बोलत नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी कोणाकोणाला काय काय कबूल केलं ते माझं मला ठाऊक. देव न मानणाऱ्या माणसाने इतके नवस बोलू नयेत, एवढंच म्हणतो.

घरी आली ती निम्मी होऊन. नालासोपारा पश्चिमेला, गास गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फ्लॅट आहे, पहिल्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. दोघांनी खुर्चीत बसवून तिला वर आणलं. दुसऱ्या दिवशी तिने केस विंचरायला कंगवा उचलला, अर्ध्यापर्यंत नेला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"काय झालं?" मी धावलो.

"बरी आहे मी," ती म्हणाली.

आता हे "बरी आहे मी" समजून घ्या. लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या होत्या तेव्हाही ती हेच म्हणाली होती. सत्तेचाळीस वर्षांत या बाईने दुसरं उत्तर दिलेलं नाही. अशा साक्षीदारावर कोण विश्वास ठेवणार?

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो. तिथे रोझलिन नावाची फिजिओथेरपिस्ट आहे. वसईचीच मुलगी, बोलायला चटपटीत. तिने माझ्यासमोर दोन कागद ठेवले.

"सर, खूप दिवस आयसीयूत राहिलेल्या पेशंटना हा थकवा महिनोन्‌महिने राहतो. तो रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. विचारायचं आणि लिहायचं, तेवढंच आपल्या हातात. दोन्ही कागदांवर तीच दहा वाक्यं आहेत. प्रत्येकापुढे शून्य ते चार. अजिबात नाही तर शून्य, सतत होत असेल तर चार. निळा कागद काकींचा. आणि हा गुलाबी तुमचा. घरी जो सांभाळतो ना, त्याचा—"

"कळलं," मी म्हणालो.

"नाही सर, गुलाबीचं कसं आहे—"

"अहो, कळलं! एकच गोष्ट दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि ताडून बघायची. हयातभर हेच शिकवलं मी."

"अरे वा! मग तुम्हाला काय सांगायचं?" ती हसली. "दर रविवारी भरा आणि मला फोटो पाठवा."

गुलाबी कागदावर वरच्या बाजूला चार ओळी सूचना होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. आयुष्यभर मी सूचना लिहिल्या. त्या कोणी वाचत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

घरी येताच नलूला ताकीद दिली. "माझा कागद तू बघायचा नाहीस, तुझा मी बघणार नाही. नाहीतर एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. फोटोसुद्धा आपापले पाठवायचे."

"परीक्षा आहे का?"

"शास्त्र आहे!"

मग मी मोजायला लागलो. 'आंघोळ झाली की बसावं लागतं.' मी न्हाणीघराबाहेर घड्याळ घेऊन उभा. 'जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.' तिच्यामागे एक पायरी ठेवून मी. ती थांबली की मीही थांबायचो आणि नोंद करायचो. 'जेवताना हातातला घास जड वाटतो.' समोर बसून मी तिच्या कोपराकडे बघत राहायचो. माझी भाजी गार. ती म्हणायची, "अहो, जेवा की!" मी म्हणायचो, "माझ्याकडे लक्ष देऊ नकोस, तू नैसर्गिक वाग."

पहिल्या रविवारी बेरीज आली चाळीसपैकी एकोणतीस. मला शंका आली, आपण सौम्यपणे तर मोजलं नाही ना? पुन्हा आकडे घातले. एकतीस. फोटो पाठवला.

रोझलिनचा लगेच फोन. "सर, हे तुम्ही विचार करून लिहिलंय ना?"

"अगदी बारकाईने."

"हे कधीपासून असं?"

"घरी आल्या दिवसापासून."

मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "काळजी घ्या हं, सर." डॉक्टरी पेशातलं माणूस हळू आवाजात बोलायला लागलं की समजावं.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं.

एके सकाळी उठतो तो नलू गॅससमोर उभी, चहा टाकत होती!

"तू बस! तू कशाला उठलीस?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी बरी आहे."

दुसऱ्या आठवड्यात ती पोळ्या लाटायला लागली. तिसऱ्यात जिना उतरून भाजी घेऊन आली. दुसरा एखादा नवरा पेढे वाटत सुटला असता. मी काय केलं? निष्कर्ष काढला! ही आपल्याला धीर यावा म्हणून उसनं बळ आणते आहे. उसनं बळ म्हणजे दुप्पट थकवा. गुलाबी कागदावर तेहेतीस.

मग लेकीचा फोन. आमची मेघा बंगळूरला असते. तिचा प्रत्येक फोन माझी खरडपट्टी काढण्याने सुरू होतो: औषध घेतलं नाही, चष्मा बदलला नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे नाही आहात. जे काही असेल त्यात मी आहे."

"जे काही म्हणजे?"

"काही नाही बाबा. आईकडे द्या."

मी फोन दिला. नलू तो घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला फक्त तिची मान हलताना दिसत होती. सांगा, काय समजायचं मी?

उरलीसुरली आशा जनाबाईने संपवली. जनाबाई म्हणजे आमची अर्नाळ्याची मासळीवाली, वीस वर्षं दारावर येणारी. या बाईने आजवर एक कोळंबी वर टाकलेली नाही. तर त्या दिवशी तिने पाटीतून दोन जोड पापलेटं काढून माझ्या पातेल्यात ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे मास्तर, भाव नंतर. तुमी आदी पानी प्या नि खाली बसा."

"बसू? का?"

"बसा म्हंते ना!"

भाव न सांगता पापलेट! मी दाराला धरून उभा राहिलो. म्हणजे गावभर कळलंय. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं आहे, फक्त मला सांगितलेलं नाही. नलू जाणार.

खरं सांगतो, त्या आठवड्यात मी माणसात नव्हतो. कागदावर पेन टेकवायला हात धजेना. पण शास्त्र ते शास्त्र. मी तिच्याकडे बघत होतो, भरत होतो, बेरीज करत होतो. पस्तीस.

आयसीयूतून आली तेव्हा नलूने एकच मागणी केली होती: "बरी झाले की एकदा अर्नाळ्याचा समुद्र दाखवा." मी ठरवलं, आता बरं व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही. तिला म्हणालो, "उद्या जाऊ या का अर्नाळ्याला?" आणि माझा आवाज फुटला.

तिने माझ्याकडे असं बघितलं! डोळे भरलेले. "जाऊ या," म्हणाली. "तुमच्या मनात आहे ना? मग जाऊच या."

रिक्षा केली. माझ्या एका खांद्यावर घडीचं स्टूल, दुसऱ्या खांद्यावर पिशवी. पिशवीत थर्मास, छत्री, ग्लुकोज, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. वाळूत उतरलो तर नलू पुढे आणि मी मागे, धापा टाकत. समोर बेटावरचा किल्ला, इकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्या बोंबलांमागून जनाबाई आमच्याकडे बघत होती.

मी स्टूल उघडलं. "बस."

"तुम्ही बसा."

"नलू, हट्ट करू नकोस!"

"हट्ट तुम्ही करू नका. दम लागलाय तुम्हाला."

"तुझ्यासाठी आणलंय मी ते!"

"मी तुमच्यासाठी इथवर आले!"

जनाबाई पदर खोचत आली. "आवो, पाळीपाळीनं बसा! नायतर मी बसते."

कोणीच बसलं नाही. मला राहवेना. म्हटलं, "नलू, आता लपवू नकोस. मला सगळं माहीत आहे. पस्तीस."

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्हाला बोलायचं नाही असं ठरलं होतं आमचं! मेघाला, जनाबाईलासुद्धा बजावलं होतं मी!"

झालं! संपलं! वाळू माझ्या पायाखालून सरकली. म्हणजे खरंच होतं.

"मला कोण सांगणार?" मी ओरडलो. "मीच तर लिहितो दर रविवारी!"

"लिहिता ना? मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? आंघोळीनंतर बसावं लागतं, घास उचलवत नाही, शब्द आठवत नाहीत! हे मला त्या पोरीकडून कळावं? ती बिचारी म्हणाली, काकी, सरांना बोलू नका, खचतील. पुढच्या तपासणीला आपण बघू, तोवर तुम्हीच लक्ष ठेवा. तेव्हापासून उठते आहे मी रोज. पाय लटपटायचे हो पहिले चार दिवस! पण म्हटलं, आपण पडून राहिलो तर ह्यांचं कोण करणार?"

"पण मला कुठे घास जड वाटतो? तुला वाटतो!"

"मला? काल तीन पोळ्या खाल्ल्या मी! तुम्ही मोजल्या नाहीत?"

मोजल्या होत्या. उसनं बळ म्हणून.

"अहो, गुलाबी कागद सांभाळणाऱ्याच्या थकव्याचा असतो," नलू एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "वरच लिहिलंय. तुम्ही त्यावर कोणाचं लिहीत होतात?"

मी खांद्यावरची पिशवी वाळूत ठेवली.

"तुझं," मी म्हणालो.

जनाबाई पहिली हसली. मग नलू. हसता हसता तिला खोकला आला, मी घाबरून पिशवीतून ऑक्सिमीटर काढलं. तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्याच बोटाला लावलं.

"शिकलेला मानूस," जनाबाई म्हणाली. "मास्तर, त्या पापलेटांचा भाव आता सांगते हां मी."

संध्याकाळी रोझलिनला फोन करून सगळं सांगितलं. ती बिचारी हसली नाही, म्हणजे फोन ठेवेपर्यंत तरी. म्हणाली, "सर, मी त्या दिवशी तेच सांगत होते."

"हो. मी तुला सांगू दिलं नाही."

"काकींचा निळा आकडा दर आठवड्याला कमी होतोय, तो खरा आहे हं. आता येत्या रविवारी गुलाबी कागद तुमच्याबद्दल भरा. मागचं सगळं फाडून टाका."

रविवारी बसलो. या वेळी आधी सूचना वाचल्या, दोनदा. मग एकेक वाक्य स्वतःला विचारलं. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं? आता मला कसलं थांबावं लागणार, मी तर ती थांबायची म्हणून थांबायचो. मग आठवलं, नलू हल्ली थांबत नाही. ती वर पोचून दार उघडते तेव्हा मी बाराव्या पायरीवर असतो. बोलताना शब्द सुचत नाहीत? घास? झोप? लिहीत गेलो, खरं खरं. बेरीज केली, शंका आली, पुन्हा केली आणि फोटो पाठवून दिला.

पाच मिनिटांत रोझलिनचा निरोप आला: "सर, चुकून जुनाच फोटो पाठवलात."

मी कागदावरची तारीख बघितली. त्याच दिवसाची होती.

आतून पोळ्यांचा वास येत होता. नलूने तव्यापुढून विचारलं, "किती आला हो?"

"बरा आहे मी," मी म्हणालो.