निळ्या पट्टीची ओळ

आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका अचलपूरच्या पुढे, रस्त्याला लागूनच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रोपं आपोआप उगवतात आणि आम्ही खुर्ची टाकून विकायला बसतो. तसं नसतं. जंबेरी लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं, की त्याच्या सालीत चाकूने चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असेल तर जगला, काळा पडला असेल तर गेला. मी हे काम बावीस वर्षं करते आहे आणि त्यात मी मध्यम आहे.

हे वाक्य आता मी सहज बोलून जाते. पूर्वी दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नसते. नवरा म्हणतो, अजूनही बोलणार नाहीस.

आमच्याकडे मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक पद्धत आहे. डोळा बांधणाऱ्या प्रत्येकाची पट्टी वेगळ्या रंगाची. माझी निळी, धाकट्या जावेची लाल. त्यामुळे कोणाचे किती जगले हे विचारावं लागत नाही, वाफ्याजवळून जाणाऱ्या पाहुण्यालासुद्धा दिसतं. पट्ट्या सोडायच्या दिवशी मामाजी हात मागे बांधून ओळीओळीने फिरतात. लाल ओळीपाशी थांबून म्हणतात, "वा." निळ्या ओळीपाशी थांबतात, बघतात आणि म्हणतात, "चाल्ते." बावीस वर्षांत माझ्या ओळीला एकदाही "वा" मिळालेलं नाही. "नाई चालत" असंही ते कधी म्हणाले नाहीत, पण तेव्हा ते माझ्या लक्षातच येत नसे.

जाऊ माझ्यानंतर पाच वर्षांनी या घरात आली. तिच्या माहेरी फुलशेती. संत्र्याचा चाकू तिने इथेच पहिल्यांदा धरला आणि एका हिवाळ्यात ती माझ्या पुढे गेली. मोबाइल खांद्याशी दाबून आईशी गप्पा मारत ती डोळे बांधते, तरी तिचा एखादाच काळा पडतो. मी श्वास रोखून बांधते आणि माझा दर तिसरा-चौथा जातोच. तिला एकदा विचारलं, कसं करतेस गं? तर म्हणाली, "मले काय मालूम बाई? होऊन जाते." अशा उत्तराने माणसाचं डोकं फिरतं. त्यातून ती स्वभावानेही चांगली, त्यामुळे तिचा राग करायला मला धड कारणही मिळत नसे.

सहा-सात वर्षांपूर्वी अकोटच्या माझ्या धाकट्या भावाने कपाशीचं एक वावर मोडून तिथे संत्रा लावायचं ठरवलं. तीनशे रोपं हवी होती. फोनवर म्हणाला, "ताई, सगळे तुयाच हातचे पाह्यजेत. दुसऱ्या कोनाचे नाई." एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने गावभर करून टाकलं, की माझी बाग बहिणीच्या हातची होणार आहे. मी माहेरी गेले की दोन-तीन जण तरी थांबवून विचारायचे, बांधले का गं डोळे? तिथे माझी एवढी वट पहिल्यांदाच झाली होती. ती घालवायची माझी तयारी नव्हती.

त्या हिवाळ्यात मी ठरवलं, भावाची सगळी रोपं एकटीने बांधायची आणि तीही जावेच्या वेगाने. ती लाल पट्ट्या घेऊन शेजारच्या ओळीत, मी निळ्या घेऊन माझ्या. डोळ्यांच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात, सगळ्यांचे शेंडे एकाच बाजूला, म्हणजे हातात घेताना वर कुठलं आणि खाली कुठलं ते बघावं लागत नाही. बांधायच्या दिवशी एक मोठी मोळी मी घाईघाईत उलटी खुपसली. आणि बघायची सवयच नसल्यामुळे नंतरही बघितलं नाही. माझं सगळं लक्ष जावेच्या पाठीवर होतं. ती दोन पावलं पुढे सरकली की मी हात आणखी जोरात चालवायची. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच वेळी ओळीच्या टोकाला पोचलो. घरी येऊन मी हे नवऱ्याला तीनदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी मी पट्ट्या सोडल्या. डोळे हिरवेगार! माझ्या हातचे इतके जगलेले मी कधी पाहिले नव्हते. मामाजी यायला वेळ होता, म्हणून मी मुद्दाम जावेला हाक मारली. ती वाकली, बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, देठ वर हाय."

काडीवरची पानं काढताना देठाचा तुकडा डोळ्याजवळ ठेवतात. तो डोळ्याच्या खाली असायला हवा. माझ्या त्या ओळींत तो वर होता. सगळे डोळे उलटे बसले होते. उलटा डोळा मरत नाही, हीच तर पंचाईत. तो फुटतो, आधी खाली जातो, मग वळून वर येतो आणि झाडाला बुडाशी कायमचा बाक पडतो. असं रोप आम्ही कोणालाही देत नाही. भावाची जवळजवळ अर्धी रोपं माझ्या हाताने गेली होती. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. कोणावर तरी चिडायची फार इच्छा होती, पण चिडण्यासारखं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"कावून रडून राहिल्या बाई?" जाऊ म्हणाली. "माह्या ओळीतले द्या भावाले. पट्टी तं सोडूनच द्या लागते. कोनाले समजते?"

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मामाजींना काही सांगावं लागलं नाही. ते आले, त्यांनी उलट्या ओळी पाहिल्या, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "शंकरपट लावला व्हता का इथं?"

बैलांच्या शर्यतीची उपमा सुनेला आवडणार नाही, याचा विचार ते करत नाहीत.

"मले दोन सुना हायेत, दोन बैल नाईत," ते म्हणाले. "तिचे जास्त जगतात, तुये कमी जगतात. मंग तू जास्त बांध. जंबेरी कमी पडली का आपल्याले?"

बोलणं सरळ होतं. मला मात्र ते शिवी दिल्यासारखं लागलं आणि पुढचे दोन दिवस मी त्यांच्या ताटात न बोलता वाढलं.

वर्षभराने भाऊ टेम्पो घेऊन आला. रोपं भरून झाल्यावर त्याने विचारलं, "सगळे तुयेच ना ताई?" मी हो म्हटलं. जाऊ पाणी मारत होती, तिने मान वर केली नाही.

त्यानंतर मी मामाजींचं ऐकलं, पण चोरून. घरात चहा व्हायच्या आत मी वाफ्यात जाऊन जास्तीची वीस-तीस रोपं बांधून घ्यायची. मला जास्त बांधावी लागतात हे कोणाला दिसू नये, एवढाच हेतू. निळी ओळ लांबतच जायची आणि ते सगळ्यांना दिसायचं, ही गोष्ट वेगळी. घाई सोडली, मोळी दोनदा तपासायला लागले, चाकू बदलून पाहिला. तिसरा-चौथा डोळा जायचा तो जातच राहिला. दर हिवाळ्यात वाटायचं, यंदा हात बसेल. हात बसला होता, तो एवढाच होता. गिऱ्हाइकं येत होती, रोपं नेत होती, पुढच्या वर्षी भाऊबंदांना घेऊन परत येत होती, आणि मी मात्र लाल ओळीकडे बघत झुरत होते.

मागच्या भाऊबीजेला परतवाड्याहून बस धरून अकोटला गेले. ओवाळणं, जेवण झालं आणि भाऊ म्हणाला, चल, बाग दाखवतो. आधी दरवेळी मी गुडघ्याचं निमित्त सांगायची. या खेपेला त्याने ऐकलं नाही.

झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलेली. संत्री पिवळा रंग धरायला लागली होती आणि काही फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिले होते. मी झाडांच्या बुडाकडे बघत चालले होते. लाल पट्टीची कोणती, निळ्या पट्टीची कोणती, काही कळेना. शेजारच्या वावरातला एक माणूस बांधावर आला, तर भाऊ त्याला कौतुकाने सांगायला लागला, "हेच माही ताई. इच्याच हातची बाग हाय हे."

माझ्याने राहवलं नाही. "सगळे माह्ये नाईत," मी म्हटलं. "अर्धे जावेचे हायेत. माह्ये उलटे बांधल्या गेले व्हते. तुले सांगतलं नाई."

भाऊ संत्रं सोलत होता. त्याचा हात थांबलासुद्धा नाही.

"मराचे व्हते ते पयल्या उन्हाळ्यातच मेले ताई," तो म्हणाला. "तुये बी मेले असतीन, तिचे बी मेले असतीन. जगले ते समोर हायेत. आता यातले तुये कोनते, तूच सांग बरं."

खरं सांगते, आधी मला रागच आला. इतकी वर्षं मी जे मनात धरून कुढत होते, त्याचं या माणसाला काहीच नव्हतं. मग हसू आलं. तो बघत राहिला आणि मी त्या झाडांमध्ये उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फार मोकळं वाटलं.

त्याने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. थोडं आंबटच होतं, आणखी पंधरा दिवस राहायला हवं होतं. "नाल्याकडचे चाळीसक झाडं गेले हायेत," तो म्हणाला. "तेवढे देशीन का?"

एरवी मी म्हटलं असतं, हो, होऊन जाईल. आणि घरी येऊन सगळ्यांच्या आधी उठले असते. शेजारचा माणूस अजून बांधावर उभा होता. त्याच्यादेखत मी म्हटलं, "देईन ना. पण चाळीस पाह्यजेत तं मले साठ बांधा लागतीन."

"तं बांध," भाऊ म्हणाला आणि दुसरं संत्रं तोडायला वळला.