आईच्या शेजारची जागा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी भिजलेली नागली फडक्यात बांधत होते, त्याच्याचसाठी. टांझानियातली सगळी वर्षं आटोपून तो कायमचा नाशिकला यायचा होता. लोकांचा तो बिशप. शरणपूरच्या आमच्या घरात नुसता दादा, आल्या आल्या पंख्याखाली घोरणारा. फोनवर त्याच्या दवाखान्यातली नर्स ग्रेस होती. बिशप सकाळच्या प्रार्थनेला उठलेच नाहीत, ती म्हणाली, आणि मग विचारलं, पाठवायचं की इथेच ठेवायचं? मला वाटलं, सामानाचं विचारतेय... कळलं तेव्हा कसंबसं म्हटलं, थोड्या वेळाने सांगते.

उत्तर खरं तर केव्हाच ठरलेलं होतं. दादा ऐन तारुण्यात तिकडे गेला, आधी झाडाखाली शाळा भरवली, मग दवाखाना उभा केला, आणि आईने ते त्याला कधी माफ केलं नाही. आई मूळची पेठ तालुक्याकडची. रागावली की तिची भाषा गावाकडे वळायची. "तिकडच्या पोरांना तू लागतोस, मला नाय का लागत?" शेवटच्या आजारात तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं, "जितेपणी नाय राहिलास, मेल्यावर तरी माझ्या शेजारी ये." "येईन गं," तो म्हणाला. दफनभूमीत तिच्या शेजारची जागा आम्ही राखून ठेवली.

नागलीची, म्हणजे नाचणीच्या सत्त्वाची, गोष्टही आईचीच. फार पूर्वी दादाने फोनवर विचारलं होतं, लहानपणी आम्हाला द्यायचीस ते सत्त्व कसं करतात? आईने कुरकुरतच सांगितलं: भिजव, फडक्यात बांध, मोड आले की सावलीत वाळव, मग दळ. फोन ठेवला आणि रडत बसली. पोराचं पोट बिघडलंय, सांगत नाही, असं तिने धरूनच ठेवलं. मलाही ते पटलं. तेव्हापासून तो परत निघाला की सत्त्वाचा डबा बरोबर, आणि तोही मुकाट्याने घ्यायचा. आईमागे ते काम माझ्याकडे आलं.

मी ग्रेसला फोन करून सांगितलं, पाठवा. ती म्हणाली, "आम्ही पाठवतो. पण एक विचारू? सगुणा म्हणजे काय?" तिने सांगितलं, दवाखान्यात अशक्त बाळांना मोडाच्या नागलीची पेज देतात, शाळेत पोरांना सकाळी तीच, आणि सगळे तिला सगुणा म्हणतात. नाव बिशपांनी ठेवलं, अर्थ कधी सांगितला नाही. "आमच्या आईचं नाव," मी म्हटलं. तिने ते मागे वळून कुणाला तरी सांगितलं, आणि बायकांचा एकच गलका उठला. रडत होत्या की गात होत्या, मला अजून कळलेलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेवा. तिथेच ठेवा."

त्याला आता काही आठवडे झाले. दादाचा इतका राग येतो! एका वाक्याने सांगता आलं असतं आईला. ती सुखावली असती, की आपलं सत्त्वही तिकडच्याच पोरांना गेलं म्हणून आणखी चिडली असती? त्याचा शब्द मी मोडला का? दफनभूमीत जाते, रिकाम्या जागेपाशी उभी राहते, आणि परत येते.

त्या दिवशी बांधलेल्या फडक्यात मोड आलेच. मी ते वाळवले, दळून आणले, डबा भरला. परवा पुन्हा नागली भिजत घातली, तेव्हा शेजारच्या मार्थाबाईंनी विचारलं, "आता कुणासाठी गं?"

"दादाचं पोट नाजूक आहे ना," मी म्हटलं.