त्सिआलाबाईंचा ग्रंथ

त्सिआलाबाईंच्या घरात शेवटचा शब्द ग्रंथाचा असे. जॉर्जियात मुलगी सासरी जाताना आंदणात महाकाव्य नेते. त्सिआलाबाईंनी आईचे आणले होते, आईने तिच्या आईचे. सुनेचे चीज खारट झाले की त्या म्हणत, "ग्रंथात लिहिलंय, खारट हात घर बुडवतो." नवरा, वाख्तांग, तिसरा पेला भरू लागला की, "ग्रंथात लिहिलंय, शहाण्याला दोन पुरे." उलट बोलायची कोणाची टाप नव्हती.

आता नात तामता लग्न करून सासरी निघणार होती, आणि तिच्याबरोबर ग्रंथही.

"आजी, मी तो वाचणार हं! तुझ्या सगळ्या वचनांवर खुणा करणार."

त्सिआलाबाईंनी घाईने ग्रंथ उचलून खोली गाठली. ग्रंथ त्यांनी कधी उघडलाच नव्हता. दार लावून उघडला, तर पानांच्या घड्या छापखान्यातून आल्या तशाच, न कापलेल्या! म्हणजे आईनेही? आजीनेही?

"धन्य गं बायांनो!"

चीजच्या सुरीने पाने कापत त्या वाचत सुटल्या. चुलीवरचा घेवडा करपला. खारट हाताचा कुठे पत्ता नव्हता. वीर मात्र मनसोक्त पीत होते आणि लहान मुलांसारखे रडत होते. त्सिआलाबाई आधी हसल्या. मग एका ताटातुटीपाशी त्यांचेच डोळे भरले, याचा त्यांना भारी राग आला.

लग्नाच्या जेवणात तामताची सासू लामारा ग्रंथ हाती घेत म्हणाली, "यात लिहिलंच आहे, सुनेनं सासूआधी उठावं."

त्सिआलाबाईंनी नातीकडे पाहिले. मग वाख्तांगच्या पेल्याकडे.

"कुठल्या पानावर, विहीणबाई? मी वाचलाय. असलं काही नाही त्यात."

लामारा लाल झाली. तामता हळूच म्हणाली, "आणि खारट हात, आजी?"

"तोही नाही. दोन पेलेही नाहीत. झालं समाधान?"

वाख्तांगने तिसरा पेला भरला. त्सिआलाबाईंच्या सुनेने चीजचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

जाताना तामताने कपाटात ग्रंथाच्या रिकाम्या जागी आपल्याकडचे नव्या कवितांचे एक बारके पुस्तक ठेवले. त्सिआलाबाईंनी उघडून पाहिले. "अर्धं पान कोरंच! कागद फुकट मिळतो वाटतं या पोरांना?" तरी जेवणवेळेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

रात्री वाख्तांगने तिसऱ्या पेल्याला हात घातला.

"नव्या पुस्तकात लिहिलंय…" त्सिआलाबाईंनी सुरुवात केली.

"दाखव," म्हणत वाख्तांग चष्मा शोधू लागला.