दाभणबाईंचा मृत्युलेख

आईला जाऊन एक दिवस झाला होता. थोरलीच्या डोळ्यांत अजून पाणी आलं नव्हतं. जाळ मात्र होता. दुकानात पिंजलेल्या कापसाचा ढीग तसाच पडला होता. अर्धी शिवलेली गादी तशीच पसरलेली होती आणि तिच्यात आईने खोचलेलं दाभण, ती जाडजूड लांब सुई, ताठ उभं होतं. त्यावरूनच सगळा बाजार आईला दाभणबाई म्हणायचा. शिवायची म्हणून नव्हे, टोचायची म्हणून.

धाकट्या भावाने वर्तमानपत्राच्या कचेरीतून मृत्युलेखाचा कच्चा कागद आणला होता. उद्याच्या अंकात तो येणार होता. थोरलीने वाचला.

‘शांत व मनमिळाऊ स्वभाव. रुग्णांच्या सेवेत देह झिजवला. कधी कुणाचे मन दुखावले नाही.’

“ही कोण बाई?” तिने विचारलं.

“ताई, असंच लिहितात गं.”

“आईने कुणाचं मन दुखावलं नाही? अरे, उठल्याबरोबर पहिलं तुझं दुखवायची! आणि रुग्ण कुठून आले मध्येच?”

तेवढ्यात थोरलीला आठवलं. याच ओळी तिने मागच्या महिन्यात वाचल्या होत्या, इस्पितळाला सामान पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या मृत्युलेखात, त्याच्या फोटोखाली.

त्याच ठेकेदाराने एकदा इस्पितळाच्या जुन्या गाद्या आईपुढे आणून टाकल्या होत्या. आतला कापूस रक्ताने काळा पडलेला, कुजका. तो म्हणाला, आतलं राहू दे, वरून नवी खोळ चढव, कुणाला कळतंय? आईने गाद्या भर रस्त्यात ओढल्या आणि कात्रीने उभ्या फाडल्या. काळा कापूस वाऱ्यावर उडाला, गटारात गेला, ठेकेदाराच्या मिशीत अडकला. मग आईचं तोंड सुटलं, आणि ते ऐकायला अख्खा बाजार हातातलं काम टाकून उभा राहिला. इस्पितळाचं काम त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. धाकटा शाळेतून येत होता. लाजेने तो मागच्या गल्लीने घरी गेला. ती लाज त्याच्या अंगात अजून मुरलेली होती.

“त्या मेल्याची खोळ काढून आईला चढवली,” थोरली म्हणाली आणि चपला सरकवून निघाली. धाकटा मागे.

कचेरीत मृत्युलेख लिहिणारा म्हातारा बसला होता. बाजार त्याला शोकमास्तर म्हणे. प्रत्येक वेळी मागचाच एखादा लेख पुढ्यात घ्यायचा आणि नाव बदलायचं, ही त्याची रीत. या खेपेला रुग्ण काढायचे राहून गेले होते.

“एवढंच ना? काढतो,” तो म्हणाला.

“रुग्ण काढाल. ‘शांत’चं काय?”

“बाई, गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहायचं असतं.”

“मग मी वाईट कुठं सांगतेय? ती रागीट होती, लिहा. रस्त्यात गाद्या फाडल्या, लिहा.”

“लोक हसतील.”

“हसू देत. जिवंतपणी समोर हसायची कुणाची छाती नव्हती.”

“अहो, मृत्युलेख म्हणजे माणूस गेल्याची खबर.”

“गेली हे गावाला कालच कळलंय! खांदा द्यायला आले होते सगळे. ती जगली कशी, ते तुमच्या कागदावर नको? त्या ठेकेदारासारखीच ती, तिच्यासारखेच उद्या तुम्ही. मग फोटो तरी कशाला वेगळे छापता?”

शोकमास्तरने चष्मा काढला, पुसला. धाकट्याकडे आशेने पाहिलं. धाकटा भिंतीकडे पाहत होता.

“ठेकेदाराचं नाव घालणार नाही,” मास्तर अखेर म्हणाला.

“नकाच घालू. जागा आईची आहे.”

दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘गाद्या शिवणाऱ्या दाभणबाई गेल्या. त्या फार रागीट होत्या. आजाऱ्यांसाठी आलेल्या कुजक्या कापसाच्या गाद्या त्यांनी भर रस्त्यात फाडल्या आणि ते काम गमावले. त्यांनी शिवलेल्या गादीत वाईट कापूस कुणाला सापडला नाही.’

चहाच्या टपरीवर तो मोठ्याने वाचला गेला. लोक हसले, आणि हसता हसता ज्याला त्याला आईने दिलेली आपापली शिवी आठवली.

उन्हं चढली तसा ठेकेदाराचा मुलगा अंक नाचवत दुकानाच्या पायरीवर आला.

“आमच्या वडलांची बदनामी करता?”

थोरली कात्री ठेवून उठणार, तोच धाकटा कापसाच्या ढिगाआडून पुढे आला. त्याचा आवाज इतका चढला की समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला.

“नाव आहे का त्यात तुझ्या बापाचं? दाखव! कुठंय?”

“नाव नाही, पण...”

“मग तुला कसं कळलं?”

मुलाने नाचवलेला अंक खाली घेतला. रस्ता थांबला होता. धाकटा मागच्या गल्लीकडे वळला नाही. थोरलीने गादीतलं दाभण उपसलं आणि पहिल्यांदाच तिला समोरचा टाका धूसर दिसला.