हौदातल्या पाण्याची रेघ

बसवत नव्हतं हो मला त्या दिवशी. लढाईची वर्षं. माझा थोरला भाऊ लष्करात बिनतारी यंत्रं दुरुस्त करायला शिकत होता. रजेवर रनाळ्याला आलेला, आणि संध्याकाळी नंदुरबारहून त्याची गाडी. गेल्या गेल्या परीक्षा. पास झाला तर यंत्रासकट आघाडीवर, नापास झाला तर नाव कमी होऊन घरी. आता सांगा, बहिणीनं देवाकडे मागायचं तरी काय?

तो मळ्यातल्या हौदापाशी ओल्या मातीत काडीनं रेघा ओढत बसलेला. विजेच्या लाटा म्हणे. एक गोल, झोक्यासारखी. एक चौकोनी, एकदम वर, जरा सपाट, एकदम खाली. एक तिकोनी, डोंगरांच्या रांगेसारखी. आणि एक करवतीच्या दात्यांची. माय भाकरी घेऊन आली ती बघतच राहिली.

"लष्करमा रांगोळी शिकाडतस का रे?"

"माय, चौकोनीमाईन तिकोनी कशी निंघस, तेच समजत नही."

"नको समजू. नापास व्हयना ते घर तरी येशी."

तो हसला नाही. विहिरीकाठच्या थारोळ्यात साठलेलं मोटेचं पाणी पाटानं हौदात यायचं आणि खालच्या भोकातून केळीला जायचं. त्यानं मला पाटाच्या तोंडाशी फळी देऊन बसवलं. फळी काढली की पाणी धो धो, घातली की बंद. अधलंमधलं काही नाही. झाली चौकोनी लाट.

"भाऊ, पानी चढी ऱ्हायनं. एकसारखं."

"घाल फळी!"

"आते उतरी ऱ्हायनं. तेबी एकसारखं."

पाण्याचं ते चढणं-उतरणं त्यानं मातीत काढलं. तिकोनी! चौकोनी साठत गेली की तिकोनी होते. मग फळी हळूहळू काढली, हळूहळू घातली. गोल लाट साठली तरी गोलच, फक्त जरा मागून येणारी. शेवटी भोकात बोळा घालून हौद सावकाश भरू दिला आणि बोळा भसकन ओढला. ही करवत.

"समजनं! माय, समजनं!" भाऊ नाचायलाच लागला. मायनं त्याच्या हातावर भाकरी ठेवली. मी उठले, परत बसले, परत उठले.

पास झाला. गावानं पेढे मागितले, मायनं वाटलेही. एक माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "खाय वं. फळी तूच धरेल व्हती."

रागानं म्हणाली की मायेनं, अजून कळलं नाही. भाऊ आघाडीवरून सुखरूप आला, पण फार उशिरानं. त्या दिवशी मात्र पेढा तोंडात तसाच धरून मी अंगणात नुसत्या फेऱ्या मारत होते.